पत्र आणि पत्रव्यवहार : अठराव्या शतकातील कादंबरीतील स्वभावदर्शनाचा एक विचार

१

कादंबरीतील पात्रांचा स्वभाव वाचकाला कसा कळतो, याची चर्चा करताना समीक्षक सामान्यतः तीन मार्ग सांगतात : पात्राची कृती, त्याचे संभाषण आणि निवेदकाचे भाष्य. पत्राचा उल्लेख झालाच तर तो संभाषणाचा एक पोटभेद म्हणून, किंवा पात्राचे हृद्गत उघड करण्याची एक सोयीची युक्ती म्हणून होतो. मनुष्य समोरासमोर जे बोलावयास धजत नाही ते तो पत्रात लिहितो, म्हणून पत्र हा अंतःकरणाचा आरसा होय, असा समज या उल्लेखामागे असतो. हा समज जुना आहे. पत्ररूप कादंबरीचा ज्या काळी युरोपात उत्कर्ष झाला, त्या अठराव्या शतकातही तो सर्वत्र रूढ होता. त्याच शतकात त्याला सडेतोड विरोधही झाला.

हा विरोध डॉ. सॅम्युएल जॉन्सनने केला. १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या कवी पोपच्या चरित्रात त्याने पोपच्या पत्रांचा परामर्श घेतला आहे. मित्राला लिहिलेल्या पत्रात मनुष्य आपले अंतःकरण मोकळे करतो, हे मत त्याला साफ अमान्य होते. स्वतःच्या अंतःकरणात डोकावण्याचे धैर्यही फार थोड्यांना असते, मग दुसऱ्यासमोर ते उघडे करण्याची गोष्ट दूरच, असे त्याचे म्हणणे. शिवाय संभाषणात मनुष्य आवेगाच्या भरात एखादे वेळी खरे बोलून जाईल. पत्र मात्र निवांतपणे, एकांतात, शब्द निवडून लिहिले जाते. म्हणूनच ज्यात असत्याचा मोह पत्रलेखनाहून अधिक व्हावा असा व्यवहार जॉन्सनला दुसरा दिसत नव्हता. पोपच्या बाबतीत तर त्याचा संशय पुढे पुराव्यानेच दृढ झाला. १७३५ साली आपली पत्रे आपल्या संमतीविना छापली गेली असा देखावा पोपने स्वतःच घडवून आणला होता. आणि पुढे आपल्या नावाने पत्रसंग्रह काढताना त्याने काही पत्रांतील मजकूर बदलला, इतकेच नव्हे तर काही पत्रे ज्यांना लिहिली होती त्यांच्याऐवजी भलत्याच व्यक्तींच्या नावावर घातली, हे एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी दाखवून दिले.

जॉन्सनचा आक्षेप मान्य केला तर एक अडचण उभी राहते. पत्र जर इतके अविश्वसनीय असेल तर रिचर्डसन, लाक्लो किंवा जेन ऑस्टेन यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे पत्रांच्या द्वारेच आपणांस इतकी सजीव कशी वाटतात ? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे. मराठीत आपण 'पत्रव्यवहार' असा शब्द योजतो, आणि त्या शब्दातच उत्तराची दिशा दिसते. पत्र हा एक व्यवहार आहे. त्याला लिहिणारा असतो, वाचणारा असतो, पुष्कळदा ज्याच्यासाठी ते लिहिलेले नव्हते असा तिसरा वाचणाराही असतो. आणि व्यवहार म्हटला की त्यात देणेघेणे, लपवाछपवी, अपेक्षा आणि फसवणूक आलीच. स्वभाव प्रकट होतो तो या संपूर्ण व्यवहारात. इ. स. १७४० ते १८१५ या पाऊणशे वर्षांत कादंबरीकारांना या गोष्टीची जाणीव उत्तरोत्तर कशी स्पष्ट होत गेली, हे पुढे चार टप्प्यांनी पाहू.

२

सॅम्युएल रिचर्डसन (१६८९–१७६१) हा लंडनमधील एक यशस्वी मुद्रक होता. वयाची पन्नाशी गाठेपर्यंत त्याने कादंबरी लिहिली नव्हती. परंतु पत्रलेखनाशी त्याचा संबंध बालपणापासूनचा होता. तेरा वर्षांचा असताना शेजारच्या काही तरुणींची प्रेमपत्रे आपण लिहून देत असू, आणि एकीचे गुपित दुसरीला कळू देत नसू, असे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरून, तिसऱ्याला उद्देशून लिहिण्याचा हा सराव त्याच्या पुढील कार्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १७३९ च्या सुमारास दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सामान्य लोकांसाठी नमुनापत्रांचे एक पुस्तक तयार करण्यास सांगितले. कर्ज कसे मागावे, विवाहाची मागणी कशी घालावी, नोकरीस लागलेल्या मुलीला आईबापांनी काय उपदेश करावा, अशा प्रसंगांची पत्रे त्यात होती. ते पुस्तक १७४१ साली बाहेर पडले. पण ते लिहीत असतानाच, धन्याच्या वाईट नजरेत सापडलेल्या दासीच्या प्रसंगाने त्याचे मन वेधून घेतले, आणि नमुनापत्रांचे काम बाजूस ठेवून त्याने 'पॅमेला' ही कादंबरी लिहून काढली. ती १७४० च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाली.

'पॅमेला' ही एका पंधरा वर्षांच्या दासीने आपल्या गरीब आईबापांना लिहिलेल्या पत्रांची आणि पुढे तिने लिहिलेल्या रोजनिशीची कथा आहे. यातील पहिलेच पत्र अभ्यासण्यासारखे आहे. मालकीण वारली, तिच्या मुलाने आपल्याला दयाळूपणे वागविले, ही वार्ता पॅमेला कळविते. परंतु ताजा कलम असा की, पत्राची घडी घालीत असतानाच धनी खोलीत आला, त्याने पत्र मागून घेऊन वाचले, आणि तिच्या अक्षराची व शुद्धलेखनाची प्रशंसा केली. म्हणजे रिचर्डसनच्या पहिल्या कादंबरीतील पहिले पत्र ज्यांना लिहिले आहे त्यांच्या हाती पडण्यापूर्वीच तिसऱ्याने वाचले आहे. पुढे सारी कथा याच सूत्रावर चालते. धनी तिची पत्रे मधल्यामध्ये उघडवितो. तिला दूरच्या घरात कोंडल्यावर ती कागद कपड्यांत शिवून लपविते. तो ते हस्तगत करतो. आणि अखेर ते वाचूनच त्याचे मन पालटते. आईबापांसाठी लिहिलेला मजकूर ज्याच्याविषयी लिहिला त्यानेच वाचावा, यात कथानकाचा मुख्य सांधा आहे.

येथेच वाचकांत दोन तट पडले. एका पक्षाला पॅमेलाची पत्रे निष्पाप मनाचा आरसा वाटली. दुसऱ्या पक्षाने विचारले : धनी आपली पत्रे वाचतो हे ठाऊक असणाऱ्या मुलीने लिहिलेल्या पत्रावर किती विश्वास ठेवावा ? १७४१ च्या एप्रिलमध्ये 'शॅमेला' नावाचे विडंबन प्रसिद्ध झाले. ते हेन्री फील्डिंगचे असल्याचे विद्वान मानतात. पॅमेलाची 'खरी' पत्रे सापडली आहेत, आणि त्यांत ती धन्याला जाळ्यात ओढणारी कावेबाज मुलगी असल्याचे दिसते, अशी या विडंबनाची कल्पना आहे. विडंबनातील थट्टा सोडून दिली तरी त्यातील आक्षेप जॉन्सनच्या आक्षेपाचीच पूर्वसूचना देतो. रिचर्डसनने तो आक्षेप मनावर घेतला असो वा नसो, त्याच्या पुढच्या कादंबरीत पत्राकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळ बदललेली दिसते.

३

'क्लॅरिसा' ही कादंबरी १७४७ च्या डिसेंबरपासून १७४८ च्या डिसेंबरपर्यंत सात खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यात पाचशेहून अधिक पत्रे आहेत. 'पॅमेला'त बहुतांशी एकच लेखणी चालते. येथे मुख्यतः चार लेखण्या आहेत. नायिका क्लॅरिसा हार्लो आपल्या मैत्रिणीला, ॲना हाऊला लिहिते. खलनायक लव्हलेस आपल्या मित्राला, बेलफर्डला लिहितो. आणि दोन्ही बाजूंची उत्तरे येतात. एकच प्रसंग आपण दोन हातांनी लिहिलेला वाचतो. यामुळे कोणतेही पत्र एकटे प्रमाण राहत नाही.

क्लॅरिसाच्या घरच्यांनी तिला नको असलेला विवाह तिच्यावर लादण्याचे ठरविल्यावर तिचा पत्रव्यवहार बंद केला, आणि शेवटी दौत-लेखणीही काढून घेतली. तिने मात्र याची चाहूल लागताच थोडे कागद व लेखण्या आधीच लपवून ठेवल्या होत्या. हा तपशील वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात मुलीला स्वतःच्या इच्छेने काहीच करता येत नाही, तेथे लिहिणे ही तिची एकमेव स्वतंत्र कृती उरते. तिच्या पत्रांतील लांबण, प्रत्येक वाक्य तोलून लिहिण्याची सवय, आपण कोठे चुकलो याची पुनःपुन्हा चिकित्सा, या सर्वांचा अर्थ या परिस्थितीत पाहिला पाहिजे. क्लॅरिसा सत्याहून दुसऱ्या कशाला तरी नेहमी अधिक जपते, असे जॉन्सनने म्हटल्याची आठवण नोंदविलेली आहे. आणि रिचर्डसनचा चाहता असूनही त्याने ते म्हटले हे महत्त्वाचे. लव्हलेसविषयी आपल्या मनात काय आहे हे ती ॲनाला स्पष्ट सांगत नाही, कारण ते तिने स्वतःशीही मान्य केलेले नाही. ॲना ते तिच्या शब्दांच्या आडून ओळखते आणि तिला विचारते. येथे स्वभावदर्शन घडविणारे पत्र क्लॅरिसाचे आहे, पण त्यातील न लिहिलेला भाग वाचणारी ॲना आहे.

लव्हलेसची गोष्ट याहून वेगळी. त्याला पत्रांचे सामर्थ्य पुरेपूर कळते, म्हणूनच तो पत्रांवर डल्ला मारतो. ॲनाने क्लॅरिसाला सावध करण्यासाठी लिहिलेले एक दीर्घ पत्र तो मध्येच मिळवितो आणि बेलफर्डला पाठविताना त्याच्या समासात, ज्या ज्या वाक्याबद्दल सूड घ्यावयाचा त्या त्या वाक्यापाशी, बोट दाखविणाऱ्या हाताची खूण करतो. मुद्रक असलेल्या रिचर्डसनने या खुणा पुस्तकात छापल्या आहेत. ते पत्र ॲनाचे. परंतु त्या पानावर स्वभाव दिसतो तो लव्हलेसचा. मैत्रिणीच्या काळजीचे प्रत्येक वाक्य त्याला स्वतःचा अपमान वाटते. त्यानंतर तो ॲनाच्या हस्ताक्षराची नक्कल करून बनावट पत्र क्लॅरिसाकडे धाडतो. दुसऱ्याच्या मनाचा इतका सूक्ष्म अभ्यास असणारा मनुष्य त्या मनाविषयी सहानुभूती मात्र बाळगीत नाही, ही त्याच्या स्वभावातील भयंकर विसंगती कोणत्याही भाष्याविना येथे प्रकट होते.

लव्हलेसने तिच्यावर बलात्कार केल्यानंतर क्लॅरिसाच्या हातून पूर्ण पत्र लिहिले जात नाही. अर्धवट, फाडून टाकलेले दहा कागद तेवढे उरतात. त्यांतील एकावरील ओळी रिचर्डसनने तिरप्या, अस्ताव्यस्त छापविल्या. नीटनेटक्या पत्रलेखिकेचा हात मोडला, हे वाचकाला अर्थ लावण्यापूर्वी डोळ्यांनीच कळते. पुढे मृत्यू जवळ आल्यावर ती लव्हलेसला एक पत्र पाठविते, त्यात आपण पित्याच्या घरी जाण्यास निघालो असल्याचे कळविते. तिला परमेश्वराचे घर अभिप्रेत आहे. लव्हलेस त्याचा शब्दशः अर्थ घेतो आणि समेट होणार म्हणून हर्षभरित होतो. इतरांच्या पत्रांतील आडवे अर्थ हुडकणाऱ्या या चतुर मनुष्याला हा एक सरळ धार्मिक अर्थ सुचू नये, यातच त्याच्या मनाची मर्यादा दिसून येते.

तथापि वाचकांच्या हाती सर्व निवाडा सोपविण्याचे धाडस रिचर्डसनला पुरते पेलले नाही. पुष्कळ वाचकांना लव्हलेसची पत्रे मोहक वाटली, आणि शेवट सुखाचा करावा अशी विनवणी लेडी ब्रॅडशेग यांच्यासारख्या वाचकांनी त्याला पत्रे लिहूनच केली. तेव्हा १७४९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने पत्रांचा सारांश देणारी अनुक्रमणिका आणि तळटीपा घातल्या, व १७५१ च्या तिसऱ्या आवृत्तीत आणखी भर घातली. लव्हलेसचे शब्द कसे वाचावे हे सांगण्यासाठी संपादकाचा आवाज त्याला वाढवावा लागला. पत्र स्वतःच्या बळावर सत्य सांगत नाही, याची ही लेखकाने दिलेली कबुलीच होय.

४

'क्लॅरिसा'चे फ्रेंच भाषांतर आबे प्रेव्हो याने १७५१ साली प्रसिद्ध केले, आणि फ्रान्समध्ये तिचा फार मोठा प्रभाव पडला. रूसोची पत्ररूप कादंबरी 'ज्युली' १७६१ साली आली. भावनेच्या सच्चेपणावरील श्रद्धा तीत पराकोटीस पोहोचली आहे. जर्मनीत गटेच्या 'वेर्थर'ने (१७७४) पत्रव्यवहाराची एक बाजूच नाहीशी केली. वेर्थरची पत्रे आपण वाचतो, पण त्याच्या मित्राची उत्तरे छापलेली नाहीत. उत्तर ऐकू न येणारा हा एकटा आवाज त्याच्या आत्मनाशाकडे जाणाऱ्या मनःस्थितीचेच रूप आहे, आणि शेवटी संपादकाला निवेदन हाती घ्यावे लागते.

या श्रद्धेची निर्दय उलटतपासणी १७८२ साली शोदर्लो द लाक्लो या तोफखान्यातील अधिकाऱ्याने 'ले लिएझाँ दांजरझ' या कादंबरीत केली. एकशे पंचाहत्तर पत्रांच्या या कादंबरीत पत्र हे उघडउघड शस्त्र झाले आहे. अठ्ठेचाळिसावे पत्र याचे प्रसिद्ध उदाहरण होय. व्हालमाँ हा सरदार मादाम द तूर्वेल या सात्त्विक स्त्रीला आपल्या प्रेमयातना कळवितो. परंतु हे पत्र त्याने एका गणिकेच्या शय्येवर, तिच्या पाठीचेच मेज करून लिहिले आहे, हे त्याच्या आदल्या पत्रातून मार्कीझ द मेर्तय हिला, आणि अर्थात आपणांसही, ठाऊक आहे. एकच मजकूर. तूर्वेलला तो व्याकुळ प्रेमिकाचा विलाप वाटतो. मार्कीझला तो अश्लील विनोद वाटतो. शब्द जसेच्या तसे राहून केवळ वाचणारा बदलला की पत्र बदलते, हे याहून स्पष्टपणे दाखविणे कठीण आहे.

मार्कीझने हाच सिद्धान्त कोवळ्या सेसीलला उपदेश म्हणून सांगितला आहे. पत्र ज्याला लिहावयाचे त्याच्यासाठी ते असते, लिहिणाऱ्यासाठी नव्हे. म्हणून आपल्याला काय वाटते यापेक्षा त्याला काय आवडेल ते लिहावे, असा तिचा आशय. जॉन्सनने ज्याला दोष म्हटले त्याची मार्कीझने कला केली. पण लाक्लो येथे थांबत नाही. इतरांना सावधगिरी शिकविणारी ही स्त्री व्हालमाँला मात्र आपल्या विजयाच्या हकिकती लिहून ठेवते, कारण कौतुक करणारा कोणी नसेल तर तिला विजयाचा आनंद अपुरा वाटतो. तिचा गर्व हाच तिचा उघडा पडलेला भाग. शेवटी ती पत्रे हातोहात फिरतात आणि समाजात तिला तोंड दाखविण्यास जागा राहत नाही. तिच्या पत्रांतील युक्तिवाद तिची बुद्धी दाखवितो. ती पत्रे तिने लिहिली आणि दुसऱ्याच्या हाती राहू दिली, ही कृती तिचा स्वभाव दाखविते. जाता जाता असेही नमूद करावयास हवे की व्हालमाँपासून दूर पळालेली तूर्वेल जी पुस्तके वाचावयास घेते, त्यांत 'क्लॅरिसा'चा पहिला खंड आहे. रिचर्डसनने शिकविलेली वाचनपद्धती तिला वाचवू शकत नाही.

५

यानंतर पत्ररूप कादंबरीला उतरती कळा लागली. जेन ऑस्टेनच्या (१७७५–१८१७) लेखनात हा बदल एकाच लेखिकेच्या आयुष्यात घडलेला दिसतो. १७९४ च्या सुमारास लिहिलेली तिची 'लेडी सुसान' ही लघुकादंबरी पत्ररूप आहे. परंतु एकेचाळीस पत्रांनंतर लेखिका स्वतः पुढे येते, आणि टपालखात्याच्या उत्पन्नाचे नुकसान झाले तरी हा पत्रव्यवहार पुढे चालू शकत नाही, अशी थट्टा करून कथा निवेदनाने संपविते. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चा आरंभीचा खर्डा पत्ररूप होता, अशी तिच्या कुटुंबातील आठवण आहे. १८११ साली ती कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे रूप निवेदनाचे होते.

या बदलाने पत्राचे महत्त्व कमी झाले, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः ते वाढले. कादंबरीत सगळीच पत्रे असतात तेव्हा एकेका पत्राचे येणे ही घटना उरत नाही. निवेदनाच्या ओघात मात्र एखादे पत्र येते, तेव्हा ते येते, कोणीतरी ते उघडते, आणि सर्वांच्या समोर किंवा एकांतात वाचते. त्या काळच्या टपालव्यवस्थेने या घटनेला वजनही दिले होते. १८४० पूर्वी इंग्लंडात टपालहशील सामान्यतः पत्र घेणाऱ्याला द्यावे लागे, आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर आकारले जाई. लखोट्याचा कागदही वेगळा धरला जात असे. म्हणून एकच कागद भरून झाल्यावर त्याच ओळींवर आडवे लिहिण्याची पद्धत होती. 'एमा'मधील मिस बेट्स आपल्या भाचीच्या अशा आडव्या-उभ्या लिहिलेल्या पत्रांचे कौतुक सांगते. पार्लमेंटच्या सभासदांना पत्रे विनामूल्य पाठविता येत. १० जानेवारी १८४० पासून एक पेनीचा समान दर सुरू झाला आणि मे महिन्यात पहिले चिकट तिकीट आले, तेव्हा हे सर्व बदलले. ऑस्टेनच्या जगात पत्र हे किंमत मोजून घेतलेले, आणि म्हणूनच मोठ्याने वाचून घरभर वाटले जाणारे धन होते.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) कॉलिन्सचे पहिले पत्र याच रीतीने न्याहारीच्या वेळी कुटुंबासमोर वाचले जाते. नम्रता आणि आत्मप्रौढी यांचे विचित्र मिश्रण असलेल्या त्या पत्रातून कॉलिन्स कसा आहे हे कळते, यात नवल नाही. नवल हे की त्यावरील अभिप्रायांतून सारे घर कळते. मेरीला त्यातील रचना बरी वाटते. आईचा राग ओसरतो, कारण त्यात काही लाभाची शक्यता तिला दिसते. एलिझाबेथ हा मनुष्य शहाणा असेल काय अशी शंका घेते. आणि तो शहाणा नसावा अशी आशा करून पिता पुढील करमणुकीची वाट पाहतो. एक पत्र, चार स्वभाव. पुढे लिडिया पळून गेल्यावर हाच धर्मोपदेशक लिहितो की तिच्या मृत्यूची वार्ता याहून बरी ठरली असती. शैली तीच, संथपणा तोच. परंतु आता हसू येत नाही.

लिडियाचे स्वतःचे पत्र लहान आहे. आपण विकहॅमबरोबर पळून जात आहोत याची तिला गंमत वाटते, नव्या आडनावाने सही करण्याच्या कल्पनेने तिला हसू आवरत नाही, आणि त्याच दमात मलमलीच्या झग्याची उसवण नीट करून ठेवण्याचा निरोप ती दासीसाठी लिहिते. कुटुंबाची अब्रू आणि झग्याची उसवण तिच्या लेखी एकाच पातळीवर आहेत. येथे हृद्गत लपविण्याचा प्रयत्न मुळीच नाही. जे आहे ते सर्व पृष्ठभागावरच आहे, हेच तिच्या स्वभावाचे मर्म. उलट जेनची दोन पत्रे एकदम हाती येतात, कारण पहिल्यावर पत्ता इतका वाईट लिहिला होता की ते भलतीकडे गेले. अत्यंत नीटनेटक्या, संयमी जेनच्या मनाची अवस्था आपण मजकूर वाचण्यापूर्वी त्या बिघडलेल्या अक्षरावरून जाणतो.

या सर्वांचा कळस म्हणजे डार्सीचे पत्र. अविवाहित व वाङ्निश्चय न झालेल्या स्त्रीपुरुषांनी परस्परांना पत्रे लिहिणे तेव्हा अनुचित मानीत. म्हणून डार्सी ते टपालाने न पाठविता स्वतःच्या हाताने देतो. त्याने दोन कागद आणि लखोट्याचा कागदही बारीक अक्षराने भरून काढला आहे. पत्र वाचकासमोर संपूर्ण ठेवले जाते, आणि त्यानंतरचे सारे प्रकरण एलिझाबेथने ते कसे वाचले याला दिले आहे. प्रथम ती ते पूर्वग्रहाने वाचते, प्रत्येक वाक्य खोटे ठरविते आणि पुन्हा पाहावयाचे नाही असा निश्चय करून घडी घालते. अर्ध्या मिनिटात ती घडी उलगडते. विकहॅमविषयीच्या मजकुराचा प्रत्येक शब्द ती स्वतःला पूर्वी ज्ञात असलेल्या गोष्टींशी ताडून पाहते : विकहॅमने पहिल्याच भेटीत परक्या व्यक्तीला इतके सांगणे योग्य होते काय ? त्याच्या चांगुलपणाचा कोणता पुरावा आपल्याजवळ होता ? अखेर तिला जे कळते ते डार्सीविषयी आहे तितकेच स्वतःविषयी आहे. आपण आजवर स्वतःला ओळखले नव्हते, असा निर्णय ती देते. रिचर्डसनने जे काम बाहेरच्या वाचकावर सोपविले आणि नंतर तळटिपांनी आवरू पाहिले, ते ऑस्टेनने कथेतील वाचकाकडे दिले. या पत्रात लिहिणाऱ्याइतकाच वाचणारीचा स्वभाव उलगडतो.

पत्राचा लेखकही आपल्या पत्राचा विश्वसनीय साक्षी नसतो, ही गोष्ट ऑस्टेनने शेवटी सांगितली आहे. विवाह ठरल्यावर डार्सी म्हणतो की ते पत्र लिहिताना आपण पूर्ण शांत होतो अशी आपली समजूत होती, पण ते कडवटपणाने लिहिले होते हे आता पटले आहे. एलिझाबेथ उत्तर देते की आरंभ कडवट असेल, पण शेवट तसा नव्हता. आणि लिहिणारा व वाचणारी दोघेही आता इतके बदलले आहेत की त्याची आठवण सोडून द्यावी. आपले मन काय होते हे लिहिणाऱ्याला लिहिताना कळले नव्हते. ते पत्राच्या समाप्तीवरून वाचणारीला कळले होते.

'एमा'त (१८१५) हाच विचार उलट बाजूने मांडला आहे. रॉबर्ट मार्टिन या शेतकऱ्याचे विवाहाची मागणी करणारे पत्र अपेक्षेहून चांगले निघते, तेव्हा त्याच्या एका बहिणीने त्याला साहाय्य केले असावे अशी एमा स्वतःची समजूत घालते. पुरावा डोळ्यांसमोर असता तो नाकारण्याची ही रीत एमाचा उच्चकुलाभिमान उघड करते. दुसरीकडे फ्रँक चर्चिलच्या सुंदर पत्राची सारे गाव त्याला पाहण्यापूर्वीच वाखाणणी करते. आणि अखेरीस त्याचे दीर्घ खुलासापत्र नाइटली आपले अभिप्राय मोठ्याने बोलून दाखवीत वाचतो. त्या अभिप्रायांत न्यायबुद्धी आहे आणि थोडा मत्सरही आहे.

६

मराठी अभ्यासकाला ही चर्चा केवळ परदेशी वाङ्मयाची वाटू नये. वा. म. जोशी यांनी 'इंदु काळे व सरला भोळे' ही कादंबरी पत्ररूपात लिहिली. तिची चर्चा बहुधा तीतील कला, नीती व विवाह यांविषयीच्या मतांच्या अनुषंगाने होते. तीच मते कोण, कोणाला, कोणत्या नात्याने लिहितो आहे, या दृष्टीने तिचे वाचन अधिक फलदायी होईल. आपल्या जुन्या पत्रपद्धतीत मायना हा मजकुराच्या आधी नाते निश्चित करीत असे. 'तीर्थरूप', 'चिरंजीव' किंवा 'राजश्री' या एका शब्दाने लिहिणाऱ्याची जागा ठरून जाई. त्या ठरलेल्या जागेवरून मनुष्य कोठे सरकतो, कोठे अवघडतो आणि कोणता शब्द गाळतो, हे पाहणे म्हणजेच स्वभाव पाहणे होय.

इतिहासाच्या अभ्यासकालाही यातून काही घेता येईल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल पत्रांना आपल्याकडे प्रमाणांत अग्रस्थान मिळाले आहे. बखरीपेक्षा पत्र श्रेष्ठ, हा दंडक घटनांच्या तिथिनिश्चितीला उत्तम लागू पडतो. परंतु त्याच पत्रांवरून एखाद्या पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या स्वभावाचा निवाडा करावयाचा झाल्यास अस्सलपणा पुरेसा नाही. लव्हलेसची पत्रे अस्सल आहेत; व्हालमाँचे अठ्ठेचाळिसावे पत्रही अस्सल आहे. अशा पत्राला काही प्रश्न विचारावे लागतात. हे कोणाला लिहिले ? ते आणखी कोण वाचील अशी लिहिणाऱ्याची अटकळ होती ? याचे उत्तर उपलब्ध आहे काय, आणि नसल्यास आपण वेर्थरसारखा एकच आवाज ऐकत आहोत काय ? ज्याने ते वाचले त्याने ते कसे वाचले, आणि ज्याने ते जपून ठेवले त्याने ते कशासाठी जपले ?

या अखेरच्या प्रश्नाचे महत्त्व 'क्लॅरिसा'च्या शेवटी दिसते. मरण्यापूर्वी क्लॅरिसा आपली बाजू जगाला कळावी म्हणून सर्व पत्रे एकत्र करण्याची व्यवस्था लावते, आणि ते काम लव्हलेसच्याच मित्राकडे, बेलफर्डकडे सोपविते. कारण लव्हलेसने स्वतःच्या हाताने लिहिलेली कबुली त्याच्यापाशीच आहे. न्यायालयात जाण्यास ती तयार नव्हती. घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिचे एकटीचे पत्र कोणी मानले नसते. दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार शेजारी ठेवला, तेव्हाच तिचे म्हणणे सिद्ध झाले. आपल्या दप्तरखान्यांतील ज्या व्यक्तींची केवळ एका बाजूची पत्रे टिकली आहेत, त्यांच्या स्वभावाविषयी निर्णय देताना अभ्यासकाने हे उदाहरण ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.